सव्वादहाचा मुहूर्त

वऱ्हाडातल्या लग्नाचा मुहूर्त फक्त पत्रिकेवर छापायला असतो, हे देवमनला अंगड्या-टोपड्यात असल्यापासून ठाऊक होतं. बावन्न वर्षांत त्यानं तीनशेच्या वर लग्नं जेवली होती, पण वेळेवर लागलेलं एकही बघितलं नव्हतं. वरात मारुतीच्या देवळापासून निघायची, नवरदेवाचे दोस्त डीजेपुढे रस्त्यावर लोळायचे, नागीण व्हायचे, घामाचे शर्ट पिळायचे. इकडे मांडवात भटजी घड्याळ बघून बघून थकायचा आणि शेवटी सुपारी कातरत बसायचा.

म्हणून भाचीच्या, करिश्माच्या, लग्नाच्या पत्रिका छापायचं काम अंगावर आलं तेव्हा देवमननं डोकं चालवलं. भटजींनी काढून दिलेला मुहूर्त होता दुपारी बारा चाळीसचा. यानं छापला सकाळी सव्वादहाचा. नाचगाण्याचे अडीच तास आधीच वजा. त्यात नवरदेवाचे वडील खुशालराव म्हणजे अकोल्याच्या स्टँडवरून रिटायर झालेले एसटीचे कंट्रोलर.

"एसटीवाला माणूस आहे," देवमन प्रेसवाल्याला म्हणाला. "सव्वादहा छापशीन तवा कुठी एक वाजता येईन."

दोन्हीकडच्या पत्रिका अमरावतीतच छापायच्या असं बोलणीत ठरलं होतं. त्यामुळे अकोल्याच्या गठ्ठ्यातही सव्वादहाच गेलं.

पार्बताबाई ही देवमनची मोठी बहीण, करिश्माची आई. परतवाडा रोडला नवऱ्याबरोबर, देवीदासबरोबर, झेंडू-शेवंतीचा मळा करायची. शब्द कमी, नजर तिखट. पत्रिका हातात पडताच तिनं हातातला हार खाली ठेवला.

"देवमन, हे काय छापलं तूनं? मुहूर्त बारा चाळीसचा आहे ना?"

"ते आपल्या लोकायसाठी आहे, बाई. तिवस्याचे सोयरे काय टायमावर येते का?"

"अन् व्याह्याले?"

"त्यायले फोन करून खरं सांगतो ना मी."

"करजो. अन् हे पाय." पार्बताबाईनं सुई त्याच्याकडे रोखली. "आरतीच्या लग्नात जे केलं ते मी इसरली नाही. ह्या लग्नात व्याह्याकडून तुही एक बी तक्रार आली, तर करिश्माच्या मांगं मामा म्हणून तू उभा राहणार नाही. देवरावले उभं करीन मी."

देवराव म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. आयुष्यात कोणाची साधी टोपी उडवली नाही असा माणूस.

आरतीच्या, मोठ्या भाचीच्या, लग्नात झालं होतं असं, की देवमननं वरपक्षाचे झाडून सगळे डाव्या पायाचे जोडे पोत्यात भरून चिंचेवर टांगले. लोक हसून हसून लोळले. पण आरतीचे सासरे उत्तमराव एका पायात जोडा घालून कारंज्याला परत गेले, आणि पुढे वर्षभर आरतीच्या हातून दूध उतू गेलं तरी घरात एकच वाक्य यायचं, "मामावर गेली." आरतीनं माहेरी कधी सांगितलं नाही. पार्बताबाईला शेजारणीकडून कळलं.

त्यामुळे देवमनला बहिणीची धमकी खरी वाटली. करिश्मा त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या मागं आपण उभं राहायचं, यासाठी त्यानं दोन महिने आधी जोधपुरी कोट शिवून घेतला होता. तरी फोन काही त्यानं केला नाही. खरी वेळ सांगितली की वरात तीन वाजता येणार, मग भटजी बोंबलणार, मग खरी तक्रार. यानं आपला सगळ्यांच्या भल्याचा हिशेब केला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ पंचविसाला देवमन परतवाडा रोडच्या लॉनवर आचाऱ्याशी बुंदीवरून हुज्जत घालत होता. भट्टी नुकती पेटली होती. डीजेवाला स्पीकरला टेकून झोपला होता. नवरी अमरावतीला पार्लरमध्ये, भटजी घरी. आणि फाटकातून दोन लाल बसगाड्या आत आल्या. एकामागं एक, शिस्तीत, एका रेषेत उभ्या राहिल्या.

पहिल्या गाडीतून सफारी घातलेला एक उंच माणूस उतरला. मनगटावरचं घड्याळ बघितलं, मान डोलावली.

"नमस्कार. मी खुशालराव. मुहूर्त सव्वादहाचा, आमचा रिपोर्टिंग टाइम साडेनवाचा. पाच मिनिटं आधी आलो, माफी असावी."

देवमनच्या हातातला झारा हातातच राहिला.

मागून आशाबाई, नवरदेवाची आई, उतरल्या. "काय सांगू तुमाले," त्या म्हणाल्या, "बडनेऱ्यापासी गाडी चहाले थांबली अन् ह्यायनं दहा मिनिटांत हालवली. माहा भाचा विपुल मांगंच राहिला. जीप करून येऊन राहिला बिचारा."

"अन् वरात? नाच?" देवमननं केविलवाणं विचारलं.

"नाच अकोल्यातच उरकला," खुशालराव म्हणाले. "सहा ते साडेसहा."

देवमननं मनातल्या मनात हिशेब मांडला. मुहूर्ताला सव्वातीन तास, आणि वऱ्हाडातली एकमेव वक्तशीर वरात त्याच्या वाट्याला आलेली. आता खरं सांगावं, तर तक्रार. न सांगावं, तर सव्वादहाला हे लोक मांडवात उभे राहून विचारणार, लग्न कुठंय? कोट गाडीच्या डिक्कीत इस्त्री करून ठेवलेला होता. तो तोंडाला येईल ते बोलला.

"त्याचं असं आहे जी, आमच्याकडं लग्नाच्या आधी रीती लय असते. सव्वादहाले रीती सुरू होते. लगीन त्याच्यानंतर."

खुशालरावांनी विचार केला. "म्हणजे पत्रिकेवरचा टाइम हा गाडी फलाटावर लागायचा. सुटायचा नाही."

"अगदी तसंच जी!"

तिकडून पार्बताबाई धावत आली. देवमननं तिला मध्येच गाठलं.

"हे लोक आत्ताच कावून आले रे? तूनं फोन केलता ना?"

"केलता ना बाई. पण त्यायच्याकडं लग्नाच्या आधी रीती असते म्हणे. तीन तास आधी येते सारे. आता पाहुण्यायची रीत, आपल्याले नाही कसं म्हणता येईन?"

"नाही नाही," पार्बताबाई लगेच म्हणाली. "त्यायची रीत म्हणजे कराच लागते. मी लुगडं बदलून येतो."

झालं. इकडच्यांना सांगितलं तिकडची रीत, तिकडच्यांना सांगितलं इकडची. आणि दोन्हीकडची माणसं इतकी भली, की समोरच्याचा मान मोडायला कोणी तयार नाही. देवमनला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की घाम पुसता पुसता त्याला हसू फुटलं. टपरीवरून चहा मागवून त्यानं सव्वादहापर्यंत गाडी ढकलली.

पहिली रीत होती निंबाला पाणी. लॉनच्या फाटकाशी कडुनिंबाचं झाड होतं. वरपक्षाच्या प्रत्येकानं स्वतःचं पूर्ण नाव सांगून एका लोट्यानं झाडाला पाणी घालायचं. माणसं एकशेवीस, लोटा एक. देवमननं मनात गणित मांडलं, दीड तास कुठं गेला नाही.

पण खुशालरावांनी स्टँडवर घोषणा करतात तसा नाकातून आवाज काढला. "प्रवाशांनी, आपलं, पाहुण्यांनी लक्ष द्या. दोन रांगा करा. डावीकडल्यानं लोटा भरायचा, उजवीकडल्यानं ओतायचा. नाव चालता चालता सांगायचं. लहान पोट्टे पुढं."

बावीस मिनिटांत निंबाचा चिखल झाला. जीपनं पोचलेला विपुलही पाणी घालून मोकळा.

"पुढची रीत?" खुशालरावांनी विचारलं.

पुढची रीत होती नवरदेवाची परीक्षा. तुरीची न् मुगाची डाळ एकत्र कालवून परातभर ठेवली, नवरदेवानं ती निवडून वेगळी करायची. नवरदेव नितेश, शांत, चष्मेवाला पोरगा, बाशिंग सावरत पाटावर बसला. देवमन निवांत होऊन पान लावायला गेला. पान लावून आला तर दोन ढीग तयार.

"अबे, झालं बी?"

"मामा, मी बियाण्याच्या लॅबमध्येच कामाले आहो," नितेश लाजत म्हणाला. "दिवसभर हेच करतो."

बायका टाळ्या पिटत होत्या. पार्बताबाई जावयाकडे डोळे भरून बघत होती. "किती चांगली रीत आहे यायच्याकडं," ती आरतीच्या कानात बोलली.

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं. नवरी पार्लरमधून आली, खोलीत बसली. भटजींचा पत्ता नाही. खुशालराव हात मागं बांधून समोर उभे. देवमनचं डोकं आता रिकामं झालं होतं. त्याची नजर मांडवात भिरभिरली आणि शेजारी शेजारी अवघडून बसलेल्या दोन आयांवर पडली. दोघी एकमेकींना "चहा झाला का" हे चौथ्यांदा विचारत होत्या.

"खोड सांगणी!" तो ओरडला. "आता खोड सांगणी. दोघी आयांनी समोरासमोर बसाचं अन् आपल्या आपल्या लेकराची एक खोड खरीखरी सांगाची. बाकी कोणी जवळ थांबाचं नाही."

त्याला वाटलं होतं, एक म्हणेल उशिरा उठतो, दुसरी म्हणेल मोबाइल सोडत नाही, हसतील, आणि दहा मिनिटं निघतील. फुलांच्या पडद्यामागं दोन खुर्च्या मांडल्या. हा आपला पडद्याच्या अलीकडं चहाचा ट्रे घेऊन, कान लावून उभा.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आशाबाई बोलल्या.

"नितेश रागावला का बोलत नाही. भांडत नाही, आदळत नाही. गुपचूप जेवते, ताट धुऊन ठेवते. दोन दिवस, तीन दिवस. हे बापाची खोड आहे. मी नवी होती तवा मले वाटे का माहंच काई चुकलं. आठ वर्षं मोरीत बसून रडली मी. मले कोणी सांगतलंच नाही का हा स्वभाव आहे म्हणून." मग त्या पुढं म्हणाल्या, "करिश्माले सांगजा. त्याच्यापुढं चहा ठेवाचा अन् म्हणाचं, बोल. तो बोलते. ईचारलं का बोलते."

देवमनच्या ट्रेमधल्या कपांवर साय धरली.

पार्बताबाईचा आवाज आला तो इतका हळू, की त्याला श्वास रोखून ऐकावं लागलं. "माह्या पोरीले मदत मागता येत नाही. गेल्या वर्षी अंगात ताप घेऊन दोन दिवस फुलं तोडली तिनं. 'जमते मले' म्हणे. मी बी ऐकून घेतलं, कारण बाजार होता. ते मले अजून टोचते. तुमी तिले जमते का म्हणून ईचारू नका. हातातलं काम सरळ घेऊन घ्या."

मग दोघी सुटल्या. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मध्येच हसल्या, मध्येच नाकं शिंकरली. पडद्याअलीकडं उभ्या देवमनला आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की स्वतःच्या थापेवर हसू आलं नाही. आपण काहीतरी हातातून सोडलंय आणि ते भलत्याच चांगल्या जागी जाऊन पडलंय, असं काहीतरी त्याला वाटलं. निघून जावं म्हणून त्यानं पाऊल उचललं.

तेवढ्यात आशाबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमच्याकडची हे रीत सोन्यासारखी आहे."

"आमच्याकडची?" पार्बताबाई म्हणाली. "हे तर तुमच्याकडची ना?"



"अन् निंबाले पाणी?"

"ते तुमच्याकडचं."

"अन् डाळ?"

फुलांचा पडदा बाजूला झाला. ट्रे धरलेला देवमन तसाच्या तसा सापडला.

नेमके त्याच वेळी भटजी स्कूटरवरून उतरले, आणि सफारीतल्या पाहुण्याला मोठ्यानं म्हणाले, "अरे वा, वरात आली बी! बारा चाळीसले अजून चाळीस मिनिटं आहे की."

खुशालरावांनी खिशातून पत्रिका काढली. वाचली. घडी घालून परत ठेवली आणि सरळ पार्बताबाईपुढं येऊन उभे राहिले.

"विहीणबाई, मुहूर्त बारा चाळीसचा असून आमाले सव्वादहा कोणं सांगतलं?"

पार्बताबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं तोंड उघडलं, पण त्याच्या आत देवमन मध्ये आला.

"तिले काई माईत नाही जी. मीनं छापलं. तिनं मले फोन कराले सांगतलं होतं, तो बी मीनं केला नाही. मले वाटलं, एसटीवाला माणूस, अडीच तास उशिरा येईनच."

खुशालरावांचे कान लाल झाले. "चौतीस वर्षं," ते म्हणाले. आवाज घोषणेचा नव्हता, साधा होता. "चौतीस वर्षं मी उन्हात उभा राहून गाड्या टायमावर काढल्या. लोक रोज तोंडावर म्हणत, एसटी ते एसटीच. मी म्हटलं, निदान माह्या पोराचं लगीन तरी टायमावर लावून दाखवीन. अन् तुमी मले न पाहताच ठरवून टाकलं." त्यांनी पार्बताबाईकडे वळून हात जोडले. "ही माही तक्रार आहे, विहीणबाई. नोंदवून घ्या."

"घेतली," पार्बताबाई म्हणाली. तिनं देवमनकडे बघितलंसुद्धा नाही. "देवराव, फेटा बांधून घे. करिश्माले तू आणशीन."

देवमनला काहीतरी चटपटीत बोलायची सवय होती. ओठापर्यंत आलंही. पण तो फक्त म्हणाला, "बरोबर आहे, बाई."

तो मांडवाच्या कडेला जाऊन कूलरमागच्या खुर्चीवर बसला. तिकडे कोणीतरी देवरावाच्या डोक्याला फेटा बांधत होतं. देवराव सारखा आरशात बघत होता. देवमननं पाच मिनिटं ते पाहिलं. मग उठला आणि डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी, मी नवरीचा मामा देवमन. आज सकाऊनपासून ज्या रीती झाल्या त्या कोणाच्याच नाहीत. माह्या मनच्या आहेत. मुहूर्त बारा चाळीसचा होता, मीनं सव्वादहा छापला. अकोल्याची मंडळी टायमावर आली. चूक त्यायची नाही, माह्या बहिणीची नाही, माही आहे."  मग तो आरतीच्या सासऱ्यांकडे वळला. "अन् उत्तमराव, तुमी समोर बसले आहा. तुमचा डावा जोडा मीनं टांगला होता. आमच्या आरतीनं नाही. मामाची खोड भाचीले लावू नका. तिचा काईच संबंध नव्हता."

सगळ्यांच्या माना उत्तमरावांकडे वळल्या. म्हातारा काठीवर हनुवटी ठेवून बसला होता.

"हे सांगाले चार वर्षं लागली तुले?" उत्तमराव तिथूनच ओरडले. मग शेजारी बसलेल्या सुनेकडे बघून खाकरले. "आरती, पोरी, लय बोललो वो तुले आमी." आरतीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती कोणाला कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

खुशालराव पार्बताबाईजवळ आले. "विहीणबाई, एक बोलू का? डेपोत ड्रायव्हरनं चूक केली तर आमी ड्रायव्हरले मेमो देतो. फेरी रद्द नाही करत. पॅसेंजर फलाटावर उभी असते, तिचा काय गुन्हा?" त्यांनी नवरीच्या खोलीकडे मान वळवली. "तिले सख्खा मामा एकच आहे ना?"

"मग मेमो काय देता?" पार्बताबाईनं विचारलं.

"पंगतीत आमच्या एकशेवीस लोकायले एकट्यानं पाणी वाढाचं. हातात जग. बसाचं नाही."

फुलांच्या पडद्याजवळून आशाबाई म्हणाल्या, "अन् मले बी एक सांगाचं आहे. रीत त्याच्या मनची असो का कोणाची असो, मी आज जे बोलली ते अठ्ठावीस वर्षांत बोलली नव्हती." नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पण खुशालरावांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे बघायला विसरले.

बारा तीस. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

देवराव छाती काढून उठला. पार्बताबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"देवराव, फेटा दे."

"आता? टाचण्या लावल्या आहेत ना बाई!"

"दे म्हटलं ना."

फेटा अर्धा सुटत निघाला. पार्बताबाई तो घेऊन कूलरमागं गेली आणि देवमनच्या डोक्यावर नीट न बघताच दाबला. टाचणी टोचली, त्यानं हूं की चूं केलं नाही.

"आरतीसाठी माइकवर बोलला तू, म्हणून हा फेटा," ती म्हणाली. "फोनचं मी तुले माफ केलं नाही. ऊठ, पोरगी थांबली आहे."

कोट डिक्कीतच राहिला. देवमन चहाचे डाग पडलेल्या शर्टातच नवरीच्या खोलीत गेला. करिश्मानं त्याचा हात धरला. मांडवात चालताना ती दात न उघडता बोलली, "मामा, अकोल्यावाल्या सासूनं आत्ताच येऊन माह्या हातातली बॅग घेतली. ईचारलं बी नाही. असं कावून?"

"असंच," देवमन म्हणाला. त्यानं तिचा हात घट्ट धरून पाऊल पुढं टाकलं.

अंतरपाट धरला गेला. पलीकडे नितेश, अलीकडे करिश्मा, तिच्या मागं वाकडा फेटा घातलेला मामा. मंगलाष्टकं झाली, शेवटचं सावधान झालं, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला. खुशालरावांनी मनगट वर केलं, घड्याळ बघितलं आणि शेजारी उभ्या देवीदासला घट्ट मिठी मारली. बारा चाळीस, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही.

दीड वाजता तिवस्याच्या सोयऱ्यांच्या तीन गाड्या फाटकाशी आल्या. सव्वादहाच्या पत्रिकेवर त्यांनी आपल्या अंदाजानं सव्वातीन तास लावले होते. निंबाखालच्या चिखलातून उड्या मारत ते आत आले, तर समोर देवमन. फेटा वाकडा, बाह्या वर, दोन्ही हातांत पाण्याचे जग, घामानं निथळत.

"काय देवमनराव," पुढचा सोयरा म्हणाला, "वरात कुठवर आली?"

"वरात जेवून राहिली," देवमन म्हणाला आणि एक जग त्याच्या हातात देऊन टाकला.